इंजिन भंगारात जाऊ द्या, त्याची वही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांत रेल्वेवर दोन पत्रे आली. एका गृहस्थांचा सवाल असा की पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर तारा ओढून झाल्या, २०२४ च्या सप्टेंबरात पुण्याची वंदे भारतही सुरू झाली, तरी मिरजेच्या यार्डात डिझेल इंजिने अजून धूर ओकत का उभी असतात? दुसऱ्यांची सूचना अशी की त्यातलेच एखादे इंजिन छान रंगवून कोल्हापूरच्या शाहू टर्मिनसच्या बाहेर ठेवावे, बाहेरगावच्या लोकांना फोटो काढायला बरे.

पहिल्या पत्राला उत्तर द्यायला बसलो आणि दुसऱ्या पत्रात अडकलो. मी मूळचा बावड्याचा. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन तिथूनच निवृत्त झालो. इंजिन कोल्हापुरात ठेवावे याला माझा विरोध असायचे कारणच नाही. उलट कुणी हे बोलले याचा आनंद आहे. पण बेंदराला शिंगे रंगवलेला बैल सगळाच देखणा दिसतो, बाजारात घेताना आपण त्याचे दात बघतो. इंजिनाचे दात म्हणजे त्याची हिस्ट्री बुक, जन्मापासूनच्या नोंदींची वही. ती बरोबर नसेल तर तुम्ही स्थानकासमोर शंभर-सव्वाशे टन लोखंड आणून ठेवाल, इंजिन नव्हे.

आधी पहिल्या पत्राचे काय ते सांगून टाकतो. धूर निघतो म्हणजे इंजिन खराब, असा सर्रास समज आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेली इंजिने अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या घराण्यातली. १६ सिलिंडरचे चार-स्ट्रोक मशीन, वर टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा. हा टर्बो फिरतो तो इंजिनाच्याच धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की गव्हर्नर हा नियंत्रक डिझेल लगेच वाढवतो, पण टर्बोला वेग पकडायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात सिलिंडरमध्ये तेल जास्त आणि हवा कमी. काळा लोट निघतो तो तिथे. टर्बो चढला की धूर विरळ होतो. गाडी सुटताना जो धूर दिसतो आणि हातकणंगल्याला जाईपर्यंत दिसत नाही, त्याचे कारण हे आहे. धावत्या गाडीतही तो तसाच राहिला तर मात्र समजावे की नोझल, टर्बो नाहीतर फ्युएल पंप बोलतोय. पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइनची इंजिने आली, त्यांचा टर्बो सुरुवातीला गिअरने इंजिनच फिरवते. म्हणून ती सुटताना एवढी काळी होत नाहीत.

उभ्या इंजिनाचा प्रश्न मात्र त्या गृहस्थांनी बरोबर काढला आहे. नुसते आयडलवर उभे असलेले मोठे इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटरच्या आसपास डिझेल पिते. आमच्या वेळी ते बंद करायला कुणी धजत नसे. बॅटरी बसली, पुन्हा सुरू झाले नाही, तर गाडी कोण नेणार आणि जाब कोण देणार? डब्ल्यूडीएम-२, म्हणजे त्या अल्को घराण्यातले आपले जुने इंजिन, सुरू व्हायचे तेच मुळी बॅटरीवर: आठ बॅटऱ्यांचा करंट मेन जनरेटरमध्ये सोडायचा, तोच जनरेटर मोटर होऊन सोळा पिस्टन हलवायचा. बॅटरीने दम टाकला की संपले. आता बऱ्याच इंजिनांत एपीयू म्हणून छोटे इंजिन बसवलेले असते. मोठे बंद ठेवून त्या छोट्यावर बॅटरी चार्ज आणि ब्रेकची हवा राखायची, तासाला तीनेक लिटरवर भागते. असे इंजिन यार्डात मोठे मशीन चालू ठेवून तासन्तास उभे असेल तर तक्रार जरूर करावी. पण डिझेल ठेवूच नये, असे म्हणू नये. तारांचा वीजपुरवठा गेला, झाड पडले, गाडी घसरली, की मदतीला तारांवर न अवलंबणारेच इंजिन लागते. एक गैरसमज तेवढा काढून टाकतो. २०१९ च्या महापुरात पंचगंगेमुळे कोल्हापूरची रेल्वे बंद पडली, तेव्हा ‘डिझेल का नाही सोडत?’ असे लोक विचारत होते. डिझेल इंजिनाची चाकेसुद्धा विजेच्या मोटरीच फिरवतात आणि त्या मोटरी चाकांच्या मध्ये, रुळापासून अगदी थोड्या उंचीवर टांगलेल्या असतात. रुळावर पाणी चढले की डिझेलचीही तीच गत.

इथे जरा थांबून हे डिझेल-इलेक्ट्रिक प्रकरण सांगतो, कारण स्थानकासमोरच्या फलकावर हेच पहिल्यांदा चुकणार आहे. डिझेल इंजिन चाकाला जोडलेले नसते. ते जनरेटर फिरवते, जनरेटरची वीज सहा ट्रॅक्शन मोटरींना जाते, एकेका ॲक्सलला एकेक मोटर. म्हणजे हे आपल्या पाठीवर वीजघर घेऊन धावणारे विजेचेच इंजिन. गंमत उतारावर. पुण्याहून येताना शिंदवणेचा घाट, पुढे सालप्याच्या वर आदर्कीचा घाट. चढावर आठव्या नॉचवर इंजिन कण्हत असते. उतारावर ड्रायव्हर डायनॅमिक ब्रेक लावतो, त्या सहाच्या सहा मोटरी जनरेटर होतात आणि तयार झालेली वीज रेझिस्टन्सच्या जाळीत जाळून टाकली जाते. ब्रेकचे ब्लॉक झिजत नाहीत आणि चाक तापत नाही. घाट उतरून आलेल्या इंजिनावर चढलो की मी ती जाळी आधी बघायचो. पावसाळ्यात मोटरीत ओल शिरते, वीज गळते हे ओळखणारा ग्राउंड रिले पडतो, इंजिन लोडच घेत नाही. मग शेडमध्ये एकेका मोटरीला मेगर मारायचा, इन्सुलेशन किती दाखवते ते बघायचे, कुठली मोटर दगा देते ते शोधायचे, कार्बन ब्रश काढायचे. त्या ब्रशची काळी पूड नखांत जी बसते, ती लग्नकार्याला गेले तरी निघत नाही. घरातल्या बायकामाणसांनी आयुष्यभर आमच्या हाताला नावे ठेवली.

आता मुद्द्यावर येतो. इंजिनाचा जन्म कसा होतो आणि ते आयुष्यभर काय करते, हे लोकांना माहीत नाही, म्हणून त्याची वही कुणाला महत्त्वाची वाटत नाही.

डब्ल्यूडीएम-२ ची पहिली इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेहून समुद्रमार्गे आली. २६०० अश्वशक्ती, ११२.८ टन वजन, ५००० लिटरची टाकी. पहिल्याचा नंबर १८०४०. त्याच कंपनीशी करार करून वाराणसीला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि १९६४ च्या जानेवारीत तिथले पहिले इंजिन बाहेर पडले. मला नेहमी नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. अमेरिकेतल्या मूळ कंपनीने १९६९ मध्ये इंजिने बनवणे बंद केले. मालकाचे दुकान बंद झाले आणि आपण तेच इंजिन पुढे कित्येक दशके बनवत, सुधारत राहिलो. २६०० चे ३१०० झाले, डब्ल्यूडीएम-३डी मध्ये ३३०० झाले. जनरेटर जाऊन अल्टरनेटर आला, व्हॅक्यूम ब्रेक जाऊन एअर ब्रेक आला. एकविसावे शतक उजाडले तरी अल्कोच्या त्याच २५१ मॉडेलच्या मशीनचे वंशज वाराणसीतून निघत होते. २०२० मध्ये त्या कारखान्याचे नाव बनारस रेल इंजिन कारखाना झाले. आमच्या तोंडात अजून जुने डीएलडब्ल्यूच, म्हणजे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स.

नवे इंजिन कारखान्यातून शेडला येते ते स्वतःच्या पायाने येतेच असे नाही. बऱ्याचदा ते एखाद्या गाडीला डेड जोडून पाठवतात. म्हणजे मशीन बंद, डेड इंजिन कॉक उघडलेला, रिव्हर्सर, म्हणजे पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा, काढून ठेवलेला, आणि कॅबमध्ये आमच्यासारखा एक माणूस एस्कॉर्ट म्हणून. मी वाराणसीहून असे इंजिन आणले आहे. रंगाचा वास अजून ओला, सीटवरचे प्लास्टिक तसेच, आणि पंखा नाही. कारण मशीनच बंद. इटारसीच्या उन्हाळ्यात त्या कॅबमध्ये बसणे म्हणजे काय ते ज्याने सोसले त्यालाच माहीत. गाडी थांबली की खाली उतरायचे आणि प्रत्येक ॲक्सल बॉक्सला हाताची मागची बाजू लावायची. तळहात नाही, मागची बाजू. भाजले तर हात झटक्याने मागे येतो. सगळे बॉक्स सारखे कोमट असले तर ठीक. एकच जास्त गरम लागला तर पुढच्या स्टेशनात गाडी थांबवायला सांगायची. रात्री झोप अशी नाहीच. माल चोरीला जाऊ नये हीही जबाबदारी आपलीच, कारण नव्या इंजिनातले तांबे सगळ्यांना दिसते.

शेडला आले की त्याची झडती. कारखान्यात टेस्ट झालेली असतेच, तरी शेड स्वतः बघितल्याशिवाय सही करत नाही. पाण्याचे जोड, तेलाचे जोड, क्लॅम्प, केबलचे लग, सगळे हाताने. मग लोड बॉक्स. इंजिन जागेवर उभे, चाक हलत नाही, पण मशीन आठव्या नॉचवर पूर्ण ताकदीने चालू आणि त्याची सगळी वीज बाहेरच्या रेझिस्टन्सच्या पेटीत जाळायची. तो आवाज सबंध घोरपडीला ऐकू जायचा. मग बंद करायचे आणि सगळ्यांनी गप्प राहायचे. मशीन थांबल्यावर टर्बो आपल्याच वेगाने फिरत राहतो, त्याची बारीक शीळ ऐकू येते. ती कमीत कमी दीड मिनिट टिकली पाहिजे. लवकर मेली तर बेअरिंग आवळतेय. आमचे चार्जमन घड्याळ हातात धरून उभे राहायचे. मी नवा होतो तेव्हा मध्येच काहीतरी बोललो, तर म्हणाले, ‘‘गप की रं, ते बोलतंय तेवढं ऐकून घे.’’ हा आकडा, म्हणजे टर्बो किती सेकंद फिरला, तो त्या दिवशी वहीत गेला. त्या इंजिनाच्या वहीतली पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे.

त्यानंतर ते वहीचे पान भरतच जाते. ड्रायव्हर प्रत्येक ट्रिपनंतर लॉग बुकात बुकिंग करतो: ‘सँडर चालत नाही’ (रुळावर वाळू सोडणारा), ‘तिसऱ्या नॉचला हंटिंग’ (मशीनचा वेग सारखा खालीवर), ‘एक्सप्रेसरचा आवाज’ (ब्रेकची हवा तयार करणारा पंप). शेडमध्ये ट्रिप शेड्यूल, महिन्याचे, तिमाहीचे, वर्षाचे, असे करत मोठी दुरुस्ती, आणि पीओएचसाठी, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीसाठी, परळच्या वर्कशॉपला. लुब ऑइलचा नमुना लॅबला जायचा. तेलात तांबे वाढले तर बेअरिंग, क्रोमियम वाढले तर रिंग नाहीतर लायनर, पाणी सापडले तर लायनरचा सील नाहीतर हेड. माणसाच्या रक्ताच्या तपासणीपेक्षा हे फार वेगळे नाही, आणि रिपोर्ट चांगला आला तरी संशय घेणारे डॉक्टर आमच्याकडेही होते. लॅबवाले म्हणायचे तेल स्वच्छ आहे, आणि आमचा एक जुना मिस्त्री लोखंडी सळई क्रँककेसच्या दाराला टेकवून दुसरे टोक कानाला लावायचा आणि सांगायचा, ‘पाच नंबर बघा.’ दार उघडून बघितले की पाच नंबरलाच काहीतरी असायचे. नेहमीच नाही, पण लॅबवाल्यांना लाज वाटावी इतक्यांदा.

कोल्हापूरच्या लोकांनी या इंजिनांना महालक्ष्मी, कोयना, सह्याद्री, महाराष्ट्र एक्स्प्रेस ओढताना बघितले आहे, पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आली नसेल. कोल्हापूर हे शेवटचे स्टेशन, पुढे रूळच नाहीत. आलेले इंजिन सोडवायचे, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि परतीसाठी जोडायचे. डब्ल्यूडीएम-२ ला कॅब एकच, एका टोकाकडे. येताना छोटे नाक पुढे असेल तर जाताना लांब नाक पुढे. म्हणजे ड्रायव्हरच्या समोर रूळ नाही, दहा-बारा मीटर लांब मशीनचा हूड. एका बाजूचा सिग्नल असिस्टंटने बघून सांगायचा, दुसऱ्या बाजूचा आपण. रुकडीच्या वळणावर धुक्यात हे काय प्रकरण असते, ते मिरजेच्या जुन्या ड्रायव्हरांना विचारा. पुढे ४५०० अश्वशक्तीचे दोन्हीकडे कॅब असलेले डब्ल्यूडीपी-४डी आले ते याच त्रासातून. स्थानकासमोर जुने इंजिन ठेवलेच तर लोकांना त्या कॅबमध्ये बसवून लांब हूडच्या बाजूने बाहेर बघायला लावा. फोटो राहू देत, एवढे एक बघितले तरी त्या ड्रायव्हरांबद्दल आदर वाटेल.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. इंजिन म्हणजे एक वस्तू नाही. शेडमध्ये युनिट एक्स्चेंजची पद्धत असते. एका इंजिनाची ट्रॅक्शन मोटर बिघडली तर ती दुरुस्त होईपर्यंत इंजिन उभे ठेवत नाहीत. तयार असलेली दुसरी मोटर बसवून त्याला लाइनवर पाठवतात. बिघडलेली दुरुस्त झाली की ती तिसऱ्या इंजिनात. टर्बो तसाच, एक्सप्रेसर तसाच, बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) तशीच, सिलिंडर हेड तर हातोहात फिरतात. त्यातून डिझेल इंजिनाचे ठरवलेले आयुष्य ३६ वर्षांचे. निम्मे, म्हणजे १८ वर्षे झाली की पतियाळाच्या कारखान्यात त्याचा कायापालट व्हायचा. सांगाडा राखून मशीन, वायरिंग, कंट्रोल सगळे नवे. कित्येक २६०० ची इंजिने तिथून ३१०० ची होऊन परतली. नंबरापुढे ‘आर’ लागायचा. परत आलेले इंजिन बघून आमच्या शेडमधली पोरे हरखायची आणि जुने लोक वही काढून बसायचे. नवा रंग लागला तरी जुना सांगाडा कुठल्या वर्षाचा, कुठे ठोकर खाल्लेला, कुठे वेल्डिंग झालेला, ते वहीतच.

२०१८ मध्ये तर वाराणसीत दोन जुन्या डिझेल इंजिनांचे मिळून १०,००० अश्वशक्तीचे जोड विजेचे इंजिन केले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. मला ते बघून संमिश्र वाटले. मोडीत काढण्यापेक्षा सांगाडा वापरला हे चांगलेच. पण ज्या इंजिनाच्या डिझेल मशीनला आयुष्य शिल्लक होते ते काढून टाकणे परवडणारे होते का, याचा हिशेब रेल्वेने लोकांपुढे नीट मांडायला हवा होता, एवढे माझे मत आहे. भारताने २०२० मध्ये १० आणि २०२३ मध्ये २० वापरलेली ब्रॉडगेज डिझेल इंजिने बांगलादेशला दिली, ती तिकडे धावत आहेत. हा व्यवहार मला त्याहून पटतो. ज्याला काम आहे त्याने काम करावे.

आता सांगा, तीस वर्षे असे अवयव बदलत धावलेले इंजिन तुम्ही चबुतऱ्यावर ठेवले, तर त्यात मूळचे किती? एक सांगाडा आणि एक नंबर. बाकीचे दहा-पंधरा इंजिनांचे. ते सगळे मिळून अमुक नंबरचे एक इंजिन आहे, असे सांगणारा एकच पुरावा असतो, ती वही. कधी आले, कुठल्या शेडला, कुठल्या गाड्या ओढल्या, कुठे फेल झाले, कुठली मोटर कधी बदलली, चाके किती वेळा टर्न केली (लेथवर कापून पुन्हा गोल केली), शेवटचे किलोमीटर किती. ती वही गेली की नंबर हा नुसता रंगाचा आकडा.

आणि ती जाते. राज्यातल्या एका ठिकाणी, नाव सांगत नाही, बागेत ठेवलेले डिझेल इंजिन बघायला मुद्दाम गेलो होतो. हूडची सगळी दारे वेल्डिंग करून बंद. मूळ नंबर रंगाखाली गाडलेला, त्यावर कुणीतरी छान तिरंगी पट्टे ओढलेले. फलकावर लिहिले होते, ‘भारतीय रेल्वेचे पहिले डिझेल इंजिन’. आत डोकावलो तर मशीनवरचा अल्टरनेटर सांगत होता की हे इंजिन फार उशिराचे आहे. मी तिथल्या कार्यालयात जाऊन विचारले, याची हिस्ट्री बुक कुठे आहे? समोरच्या माणसाने मला चहा विचारला आणि म्हणाला, ‘‘काका, इंजिन आले ना, कागदाचे काय करायचे?’’ पुढे कळले की इंजिन ज्या ठिकाणाहून आले तिथले जुने रजिस्टर रद्दीच्या लिलावात गेले होते. किलोच्या भावाने. माणूस चांगला होता, चहाही चांगला होता, म्हणून जास्त बोललो नाही.

कोल्हापूरला हे शोभणार नाही. आपल्याकडे १८९१ मध्ये संस्थानाच्या खर्चाने रेल्वे आली, १९७१ मध्ये मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. आणि हे उद्यमनगरचे गाव आहे. इथल्या माणसाला ओतीव काम, बोअर, होनिंग, लायनर हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. शिरोलीच्या फौंड्रीतला पोरगा नऊ इंची बोअरचा लायनर बघून त्याच्या भिंतीला बोट लावून सांगेल की होनिंग कसे झाले आहे. त्याला वेल्डिंगने बंद केलेली दारे काय दाखवणार?

म्हणून दुसऱ्या पत्रलेखकांच्या सूचनेला माझा पाठिंबा, पण माझ्या काही अटी. इंजिन मागताना वही आधी मागा. वही नसलेले इंजिन घेऊच नका, दुसरे मागा. मूळ वही इथे उघड्यावर ठेवायची नाही, तिचे पान न् पान स्कॅन करून घ्या आणि मूळ प्रत संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या. स्कॅन प्रत कळंब्याच्या आयटीआयला द्या. डिझेल मेकॅनिकच्या मुलांना पुस्तकात न मिळणारे धडे त्यात आहेत. हूडचे एका बाजूचे तरी दार काचेचे करा. एक सिलिंडर उघडा ठेवा, पिस्टन आणि लायनर कापून दाखवा. फलकावर ‘शान’, ‘वैभव’ असले शब्द घालण्याऐवजी तारखा लिहा: कारखान्यातून बाहेर, शेडला दाखल, पीओएच, पतियाळा, शेवटची गाडी. कोल्हापूरला ते कधी आले होते का हेही लिहा. आले नसेल तर तसे लिहा.

आणि वर छप्पर घाला. हे फार महत्त्वाचे. आपला पाऊस चार महिने हटत नाही. उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाचे बॅटरी बॉक्स आणि कॅबची जमीन आधी सडते, मग पत्रा बाहेरून रंगवत राहायचे. पैसे कमी पडत असतील तर रोषणाई नको, आधी छप्पर करा. निळे-लाल दिवे लावण्याची इथल्या लोकांना भारी हौस, तेवढा मोह पुढे ढकलता येईल.

एक विनंती रेल्वेलाही. डिझेल इंजिने कमी होत चालली आहेत, हे होणारच होते आणि व्हायला हवे. शेडे आता विजेच्या इंजिनांची होत आहेत. आमचीच पोरे आता पँटोग्राफ दुरुस्त करतात. या बदलात सगळ्यात आधी रद्दीत जाते ते जुने रजिस्टर, कारण कपाटे नव्या कामाला लागतात. एखादे इंजिन कंडम करायचा आदेश निघतो, त्याच आदेशात एक ओळ घालावी: हिस्ट्री बुक अमुक ठिकाणी जमा. खर्च काहीच नाही. एका जिल्ह्याच्या टपाल खर्चातही भागेल.

माझ्याकडे काही इंजिनांच्या नोंदींच्या झेरॉक्स आहेत. निवृत्तीच्या आधी साहेबांची रीतसर परवानगी घेऊन काढलेल्या आहेत, तेव्हा उगीच शंका नको. स्थानकासमोर इंजिन ठेवायचे खरेच ठरले, तर त्या देतो. फलकाचा मजकूर छापायला टाकण्याआधी मला आणि मिरजेच्या दोन-तीन निवृत्त ड्रायव्हरांना दाखवावा. ते सकाळच्या पॅसेंजरने येतील, आम्ही मिळून वाचू, चुका काढू, आणि त्या चुकांवर आमची आपसात भांडणे होतील. ती झाल्यावर जो मजकूर उरेल तो बिनधास्त छापा.

आपला,
एक निवृत्त डिझेल सुपरवायझर
कसबा बावडा, कोल्हापूर